किरमिजीचं कूळ

प्रिय सुमे,

आईच्या शालूचा रंग प्रागच्या मैत्रिणीला सांगताना तू ‘लाल’ म्हणून मोकळी झालीस आणि मग तुलाच रुखरुख लागली. लागणारच! तो रंग किरमिजी. पण तिचा ‘चेर्वेना’, म्हणजे लाल, हा शब्द किरमिजीचा चुलत नातलग निघतो, हे वाचून मला फार आनंद झाला.

‘किरमिजी’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी फारसी ‘किर्म’ आहे, म्हणजे किडा, आणि तो आपल्या ‘कृमी’चा सख्खा भाऊ. भूमध्य समुद्राकाठच्या ओकच्या झाडांवर चिकटणाऱ्या किड्याच्या माद्या वाळवून हा रंग काढत. तुर्की ‘किर्मिझी’, इंग्रजी ‘क्रिमझन’, सगळी त्याचीच पिलावळ. चेक भाषेत किड्याला ‘चेर्व’ म्हणतात. तोही बहुतेक अभ्यासकांच्या मते कृमीच्याच कुळातला. चेक भाषेतले जून आणि जुलै, ‘चेर्वेन’ आणि ‘चेर्वेनेत्स’, यांची नावंही तिथलीच. कारण पोलंडकडे एका रानटी रोपाच्या मुळांवरचे असेच किडे जूनअखेरीस, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, गोळा करायचे.

गंमत बघ, ग्रीक-रोमन मंडळींना हे किडे दाणे वाटले. मेक्सिकोहून निवडुंगावरच्या अशाच किड्याचा रंग आणणारे स्पॅनिशही त्याला ‘ग्राना’, म्हणजे दाणाच, म्हणत. तिथल्या नाहुआत्ल भाषेत मात्र त्याचं नाव ‘नोचेझ्त्ली’, निवडुंगाच्या बोंडाचं रक्त! मला तर हेच नाव सगळ्यात खरं वाटतं. निवडुंगाच्या पानावर पांढरा, कापसासारखा पुंजका दिसतो. नखाने चिरडला की बोट लालभडक होतं. १५२१ साली अझ्टेकांची राजधानी पडली आणि वाहाकाच्या शेतकऱ्यांची ही मेहनत जहाजं भरभरून युरोपात जाऊ लागली. एक पौंड मालाला सुमारे ७०,००० वाळलेले किडे लागत. ते वेचणाऱ्या हातांची मला राहून राहून आठवण होते.

आपला अळताही लाखेच्या किड्याचाच की! तेव्हा किड्याचं नाव ऐकून मैत्रीण दचकली तर तिला अळत्याबद्दलही सांग.

आणि हो, दिवाळीला शाकाहारी पाहुणे येणार म्हणालीस ना? गुलाबी दह्याच्या, गोळ्यांच्या पाकिटावर ‘ई १२०’ लिहिलंय का ते आधी बघ. तो रंग त्या निवडुंगावरच्या किड्याचाच असतो.

तुझी,
वीणा