मोडी पडद्यावरून शिकवताना

मोडी लिपी ऑनलाइन शिकवता येते काय, असा प्रश्न आम्हांस गेल्या काही वर्षांत वारंवार विचारण्यात येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे कागद पडून असतात आणि त्यांत काय लिहिले आहे हे घरात कोणासच ठाऊक नसते. काहींच्या घरी कागद नसतात, पण लिपीविषयी ओढ असते. दोघांनाही आमचे उत्तर एकच आहे. शिकवता येते, परंतु आज बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने शिकवली जाते, त्या रीतीने नव्हे.

हा विषय आम्ही लिपीप्रेमी म्हणून नव्हे, तर वकील म्हणून हाती घेतला. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील जुन्या घरांतून खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, सावकाराच्या वह्या मोडीत सापडतात. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते. १८७२ च्या पुरावा अधिनियमात हे कलम ९० होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ९२ आहे. परंतु कायदा अक्षर कोणाचे एवढ्यापुरतीच सवलत देतो. त्या अक्षरांत काय लिहिले आहे, हे कोणीतरी वाचूनच द्यावे लागते. आम्ही सनद घेतली तेव्हा न्यायालयाच्या आवारात असे वाचून देणारे चार-पाच वृद्ध लेखनिक सहज भेटत. आज त्यांपैकी एकही हयात नाही. कागद कोल्हापूर-पुण्याकडे पाठवावे लागतात, लिप्यंतर येईपर्यंत तारखांवर तारखा पडतात आणि पक्षकाराचा धीर सुटतो. एका वृद्ध विधवेने तर विहिरीतील अर्ध्या पाण्याचा हक्क सोडून तडजोड पत्करली. तो हक्क तिच्या सासऱ्यांच्या वाटणीपत्रात स्पष्ट नमूद होता. लिप्यंतर हाती आले तेव्हा तडजोडीवर सह्या होऊन दोन महिने झाले होते.

तेव्हा आपल्याच तरुणांतून वाचणारे तयार करावेत, असा विचार पुढे आला. पूर्वतयारी म्हणून आम्ही एका संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम स्वतः पैसे भरून पूर्ण केला. सत्तर-सत्तर मिनिटांची चित्रित व्याख्याने होती. अध्यापक विद्वान होते, अक्षर सुरेख होते. पडद्यावर जे लिहिलेले असे तेच ते वाचून दाखवीत, आणि तेच शब्द खाली पट्टीवरही उमटत. ऐकताना सारे समजत असे. अखेरीस वीस प्रश्नांची चाचणी झाली, चार पर्यायांतून एक निवडण्याची. त्यानंतर रंगीत प्रमाणपत्र आले. ते प्रमाणपत्र लाभलेल्या आमच्या परिचयाच्या तिघांपुढे आम्ही एक साधे गहाणखत ठेवले. ‘श्री’ सोडून पहिल्या ओळीतील काही कोणास लागेना.

यात अध्यापकांच्या ज्ञानाचा दोष नव्हता, आखणीचा होता. समोर लिहिलेले अक्षर ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ते आपण होऊन काढणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत. व्याख्यान पाहताना पहिलीच वापरली जाते, आणि मनुष्याला वाटते की दुसरीही आली. विस्मरणाचा आलेख हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मांडला होता. पुढे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवते, परंतु आठवड्यानंतर पाहिले तर एकदा वाचून स्वतःला तपासून घेणारे पुढे असतात. आपल्याकडील पंतोजी पाटीवर अक्षर काढून घेत, पुसायला लावीत आणि दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा काढायला सांगत. त्यांनी हे निबंध वाचलेले नव्हते. (पंतोजींची छडीही चांगली होती, असे मात्र आमचे मत नाही.)

म्हणून आमच्या वर्गाची मांडणी आम्ही व्याख्यानाभोवती न करता एका ओळीभोवती केली. रोज सकाळी सात वाजता शिकणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर खऱ्या कागदातील एका ओळीचे छायाचित्र जाते. त्याने ती ओळ प्रथम बोरूने, नसेल तर साध्या पेनाने, कागदावर मोडीतच उतरवायची. मग तिच्याखाली बाळबोधीत लिहायची, आणि दोहोंचे छायाचित्र रात्रीपर्यंत पाठवायचे. ते पाठवल्याखेरीज त्यास उत्तर दिसत नाही. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांची थेट भेट असते. तीत नवे काही शिकवले जात नाही, आठवडाभर जेथे सर्वांचे पाय अडखळले तेवढीच स्थळे घेतली जातात. टंकलेखनास आम्ही मुद्दाम थारा दिला नाही. मोडीस २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे, परंतु फलकावर बोट ठेवून उमटवलेले सुटे अक्षर कागदातील अक्षरासारखे नसते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्य तितका न उचलता लिहितात. अमुक अक्षर पुढच्या अक्षराला जोडताना का वाकले, हे डोळ्यापेक्षा मनगटाला लवकर कळते.

ओळी निवडतानाही एक गोष्ट पाळली. एका लेखनिकाच्या हातच्या तीस ओळी संपवून मग दुसऱ्याच्या हाताकडे वळायचे, हा क्रम सोपा आणि शिकणाऱ्यास सुखाचा वाटतो. आम्ही पहिल्या पंधरवड्यानंतर सगळे हात मिसळले. आज कुळकर्ण्याचा, उद्या सावकाराच्या मुनिमाचा, परवा एखाद्या घाईतल्या कारकुनाचा. तक्रारी आल्या. ‘साहेब, जरा हाताला वळण पडतंय तोवर तुम्ही हातच बदलता,’ असे एकाने लिहिले. त्याला आम्ही कॉर्नेल आणि ब्योर्क यांचा २००८ सालचा प्रयोग सांगितला. त्यांनी लोकांना बारा चित्रकारांची चित्रे दाखवली, काहींची सलग आणि काहींची सरमिसळ करून. मग न पाहिलेले चित्र कोणाचे ते विचारले. ज्यांची चित्रे सरमिसळ करून दाखवली होती ते चित्रकार लोकांनी अधिक ओळखले. तरीही बहुतेकांना सलग पाहणेच अधिक उपयोगी वाटले होते! शिकणाऱ्याचे समाधान आणि त्याचे शिकणे यांची अशी फारकत होते. ऑनलाइन वर्गाच्या शेवटी ‘आवडले का’ म्हणून तारे मागण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याविषयी आमचा विश्वास यामुळे बराच उणावला.

येथवरचे कोणत्याही लिपीस लागू पडेल. मोडीची खरी अडचण पुढे आहे, आणि सीमेपलीकडील मराठी माणसास ती विशेष बाधते. मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडत नाहीत. विरामचिन्हे नाहीत. वेलांटी एकच आणि उकारही एकच, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ दिसायला सारखेच. अर्थात शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो. आमच्या एका ओळीत ‘खंडनदिलियास’ अशी अक्षरे सलग होती. वर्गातील एकोणीस जणांपैकी तेरा जणांनी ‘खंडन दिलियास’ असे तोडले. प्रत्येक अक्षर अचूक, आणि वाक्य मात्र निरर्थक. ते होते ‘खंड न दिलियास’, म्हणजे जमिनीचा खंड न भरल्यास काय होईल याची अट. संपूर्ण दस्ताचा कणा त्या तीन शब्दांत होता. ज्या सहा जणांनी बरोबर वाचले त्यांपैकी चौघांच्या घरी शेती खंडाने दिलेली किंवा घेतलेली होती.

आमची मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली. इंदूर-ग्वाल्हेरची हिंदीत, बडोद्याची गुजरातीत. घरी मराठी बोलतात, ती स्वयंपाकघराची आणि सणावाराची. अक्षरे ती पुण्याच्या मुलांइतक्याच लवकर शिकतात. परंतु वहिवाट, चतुःसीमा, कबुलायत, फारखत, पाणंद हे शब्द त्यांच्या कानांवरून कधी गेलेलेच नसतात. तेव्हा लिपीच्या वर्गाचा निम्मा भाग आम्हांस शब्दांना द्यावा लागतो. शब्दांची यादी पाठवत नाही. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने आपल्या शेताच्या चारी सीमा तोंडी सांगितल्याचे दीड मिनिटाचे ध्वनिमुद्रण जाते, आणि दुसऱ्या दिवशी तेच शब्द असलेली ओळ. कानाने ऐकलेला शब्द डोळ्याला सापडतो. यात एक सुखद गोष्टही आढळली. चतुःसीमेत ‘हळ्ळ’ आला की कन्नड माध्यमाची मुले तत्क्षणी ‘ओढा’ म्हणतात, आणि पुण्याहून आलेला एक पदवीधर तेथे गोंधळून बसला. या भागातील मराठी कागद वाचायला कन्नड येणे हा गुण आहे, हे आम्ही वर्गात प्रथमच सांगून टाकतो.

कालगणनेचे प्रकरणही असेच. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ हे मंत्रासारखे पाठ करून काही होत नाही. दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११७२. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७१-७२. ही बेरीज प्रत्येकाने दहा वेगवेगळ्या कागदांवर स्वतः केली की ती कायमची बसते.

परीक्षा कशी घ्यावी यावर आमचा सर्वांत अधिक वेळ गेला. चार पर्यायांची चाचणी आम्हांस मान्य नव्हती, कारण न्यायालयात कोणी पर्याय देत नाही. लिप्यंतर करणारा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, हा शब्द ‘दिली’ आहे की ‘दिल्ही’, कशावरून? तेव्हा बेधडक अंदाज ठोकणारा मनुष्य आपल्याच पक्षकारास बुडवतो. म्हणून आमच्या गुणपद्धतीत बरोबर शब्दास दोन गुण, ‘येथे अक्षर लागत नाही’ अशी प्रामाणिक खूण केल्यास एक, आणि चुकीच्या अंदाजास वजा दोन. आरंभी मुलांना हे विचित्र वाटते. शाळेत त्यांना रिकामी जागा सोडू नये असेच शिकवलेले असते. सहाव्या आठवड्यापासून खुणा वाढतात आणि चुका घटतात. त्यानंतर वीस मिनिटांची तोंडी उलटतपासणी आम्ही स्वतः घेतो, तीही पडद्यावरूनच. त्यात एका मुलीने आमच्याच नमुना-उत्तरातील एक शब्द खोडून दाखवला आणि शेवटपर्यंत हटली नाही. शब्द तिचाच बरोबर निघाला. ती आता वकिलीच्या दुसऱ्या वर्षात आहे.

वर्ग बारा आठवड्यांचा असतो. पुरे करणारे निम्म्याहून थोडे कमी. गळती बहुधा तिसऱ्या आठवड्यात होते. सलग तीन दिवस ओळ आली नाही तर यंत्राचा संदेश न पाठवता आमच्यातील कोणीतरी फोन करतो. कारणे कधी आळसाची, पण पुष्कळदा निराळीच निघतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील एका मुलास फोनला पल्ला मिळावा म्हणून टेकडीवर जावे लागे. त्याला आम्ही आठवड्याच्या सात ओळी एकदम पाठवू लागलो. छायाचित्रे मोठी असली की भरणा लवकर संपतो, म्हणून प्रत्येक ओळ कापून लहान केलेली असते.

कागद आम्हांस अजून हवे आहेत, विशेषतः होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या मुलखांतील घरांतून, कारण तिकडच्या हातांची सवय आमच्या मुलांना नाही. आपल्या पेटीत असतील तर उन्हाच्या कवडशात नव्हे, खिडकीशेजारच्या सावलीत, फ्लॅश न लावता छायाचित्र घ्यावे. कागद सपाट करण्यासाठी इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचेही चित्र घ्यावे. पुष्कळदा साक्षीदारांची नावे किंवा नंतरची फेड तेथेच टिपलेली असते. ज्या जमिनीचा वाद न्यायालयात चालू आहे तिचे कागद आपल्या वकिलास विचारल्याशिवाय पाठवू नयेत. इतरांतील नावे आणि जमिनीचे क्रमांक आम्ही वर्गात देण्यापूर्वी झाकतो, आणि लिप्यंतर पुरे झाले की त्याची एक प्रत प्रथम कागदाच्या मालकाकडे जाते.