टाकीतला दांडगा मासा आणि शेततळ्यातली चिलापी



आज टोमॅटो, कोबी बाजूला ठेवतो आणि माशांचं लिहितो. शेततळं असलेल्यांनी शेवटपर्यंत वाचा, विषय तुमच्या बांधापर्यंत येणार आहे.

सातपूरला आमच्या घरी पोरानं काचेची टाकी ठेवलीय. ३ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट पाणी. घनफुटाला २८ लिटर धरलं तर १०५ लिटरच्या आसपास पाणी झालं. त्यात चार एंजल, दहा टेट्रा आणि एक सकर, म्हणजे काच चाटणारा काळा मासा. सहा महिने सगळं गुण्यागोविंदानं चाललं. दिवाळीनंतर दोन एंजलची जोडी जमली. त्या दोघांनी फिल्टरजवळचा कोपरा धरला आणि बाकी दोघांना तिकडं फिरकू देईनात. एकाचे पर फाटले, त्यानं खाणं सोडलं. पोरगं म्हणालं, "हे दोन माजलेत, गोदावरीत सोडून देऊ."

मी म्हटलं, थांब. आधी बघू तर दे.

चार-पाच दिवस संध्याकाळी टाकीसमोर बसलो. पिकावर कीड दिसली तरी आपण लगेच पंप उचलत नाही, आधी पान उलटून बघतो, तसंच. बघितल्यावर कळलं की हा माज नव्हेच. जोडी जमली की एंजलला अंडी घालायला जागा लागते आणि ती तो राखतो. गोठ्यात गव्हाण एकच असली की दांडगी म्हैस बाकीच्यांना तोंड घालू देत नाही. दुसरी गव्हाण बांधली की भांडण निम्मं होतं. टाकीतही कारणं तीच असतात. जागा कमी, लपायला आडोसा नाही, खाणं एकाच कोपऱ्यात, आणि लहानमोठे एकत्र.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो.

१) फाटक्या पराचा मासा जाळीच्या डब्यात घालून त्याच टाकीत तरंगता ठेवला. पाणी तेच राहतं आणि मार बसत नाही.

२) दगड, झाडं, मातीचं मडकं सगळं उचलून नव्यानं मांडलं. हद्दीच्या खुणा गेल्या की दांडग्यालाही हद्द पहिल्यापासून आखावी लागते. मधे उंच झाडं लावली, म्हणजे एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाच्याला सारखा दिसत नाही.

३) खाणं दोन टोकांना, एकाच वेळी, थोडं थोडं.

४) आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवून मग घातलं. घाण पाण्यात जखम सडते.

तीन आठवड्यांत पर भरून आले. पण जोडी पुन्हा अंड्यावर आली की पुन्हा तेच होणार, म्हणून ती जोडी पोराच्या मित्राच्या रिकाम्या टाकीत दिली. एवढ्या पाण्यात जोडी आणि बाकीचे एंजल असं दोन्ही नांदत नाही.

काही मासे मुळातच तसे असतात. फायटरचे दोन नर एका टाकीत चालतच नाहीत. टायगर बार्ब दोन-तीनच असले तर एंजल-गप्पीचे लांब पर कुरतडतात. सहा-आठचा थवा असला तर आपसातच खेळत राहतात. सकर लहानपणी गरीब वाटतो, पण फुटाच्या वर वाढतो आणि रात्री चपट्या माशांच्या अंगाला चिकटून चिकटा खरवडतो.

आता शेततळ्याकडं या. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. एकाच पाण्यात तिघांचं ताट वेगळं, म्हणून भांडण नाही. आपण मक्यात चवळी घेतो त्यातलाच हा हिशोब. या घडीत चिलापी घुसली की सगळं बिघडतं. ती एंजलच्याच कुळातली. नर तळाला खड्डा करून राखण करतो, मादी अंडी तोंडात धरते. वर्षातून अनेकदा पिलं काढते, म्हणून तळं बारक्या चिलापीनं भरतं आणि खाद्य तीच फस्त करते. आपल्या देशात ती १९५२ साली आणली, आता काढू म्हटलं तरी निघत नाही. थाई मांगूर त्याहून वाईट, बाकीचे मासे खातो. त्याच्यावर केंद्रानं २००० सालीच बंदी घातलीय. स्वस्त बीज म्हणून कुणी देऊ केलं तरी घेऊ नका.

चिलापी येते ती पाटाच्या, नदीच्या पाण्यातून नाहीतर बोटुकलीत मिसळून. म्हणून पाणी घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. बोटुकली घेताना मूठभर ताटात ओतून बघा. तळं रिकामं करता आलं तर पूर्ण वाळवा. मातीच्या तळ्यात मोहाच्या पेंडीची जुनी पद्धत आहे, हेक्टरी एक मीटर पाण्याला २००० ते २५०० किलो. त्यानंतर बीज सोडायला तीन आठवडे थांबावं लागतं. पाणी जनावरं पीत असतील तर मत्स्य विभागाच्या माणसाला विचारल्याशिवाय करू नका.

आणि पोराला गोदावरीपासून का अडवलं, तेही सांगतो. टाकीत नको झालेला मासा नदीत सोडणं लोकांना पुण्याचं वाटतं. आंध्रात असाच पसरलेला सकर आज मच्छीमारांची जाळी फाडतोय. तळ्यांच्या मातीच्या बांधाला बिळं करतो ते वेगळंच. घरात तो एका एंजलला त्रास देत होता, नदीत गेला की साऱ्या गावाला देईल. नको असेल तर दुकानात परत द्या, ओळखीत द्या. नंदिनीत नाही, गोदावरीत नाही, आणि शेजाऱ्याच्या शेततळ्यात तर मुळीच नाही.

तुमच्या तळ्यात चिलापी आली असेल तर कशी आवरली ते खाली लिहा. माती तळं का कागदाचं, तेही सांगा, म्हणजे बाकीच्यांना उपयोग होईल.