चोर बाजारातील तबकड्या : जुनी घ्यावी की नवी?

मध्य रेल्वेच्या सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरून भेंडी बाजाराकडे चालत निघाले की थोड्याच वेळात मटण स्ट्रीट लागतो. हाच मुंबईचा चोर बाजार. जुनी घड्याळे, पितळी दिवे आणि सिनेमाची पोस्टरे यांच्या गर्दीत काही दुकानांत तबकड्यांच्या थप्प्या दिसतात. शुक्रवारी इथली दुकाने बहुधा बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. हे ध्यानात ठेवून जावे.

लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी जड तबकडी हातातून पडली की फुटलीच. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. पुढे व्हिनाइलच्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या आणि ३३ फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्या आल्या. एच.एम.व्ही.च्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापल्या जात. कॅसेट आली आणि तबकडी मागे पडली. आता तीच गाणी नव्या एल.पी.वर पुन्हा निघू लागली आहेत.

मग पैसे कशात घालावेत? जुनी तबकडी उजेडात तिरपी धरावी. केसासारखे चरे चालतात. नखाला अडकणारा चरा गाण्यात टकटक वाजतो. रेघा पांढुरक्या पडल्या असतील तर ती फार वाजलेली समजावी. कव्हरवरचा आणि लेबलवरचा क्रमांक जुळवावा, आणि शक्य तर दुकानातच वाजवून ऐकावी.

नवी तबकडी घासलेली नसते. पण ती मूळ टेपवरून काढली की सीडीवरून, हे कव्हरवर लिहिले असेल तर वाचावे. नुसत्या जाडजूड वजनाने आवाज सुधारत नाही. 'पहिली छपाई' म्हणून जादा दाम मागतात, ते संग्राहकांच्या हौसेचे. गाणे ऐकायचे असेल तर स्वच्छ जुनी किंवा नीट काढलेली नवी, जी खिशाला परवडेल ती घ्यावी.

मात्र एका ठिकाणी हा हिशेब चालत नाही. कंपनी खपणारेच पुन्हा काढते. एखाद्या शाहिराची, कव्वालपार्टीची किंवा तमाशाच्या फडाची तबकडी पुन्हा निघालीच नसेल, तर निवड कशातून करणार? ती जुनी, चरे पडलेली तबकडी हाच त्या आवाजाचा उरलेला पुरावा.

अशा तबकड्या चोर बाजारातच असतात असे नाही. जयंतीला आणि लग्नाला लाऊडस्पीकर लावणाऱ्यांच्या घरी, चाळीतल्या माळ्यावर त्या पडून असतील. माळा साफ करताना त्या भंगारात किलोवर घालू नका. उन्हापासून दूर, उभ्या ठेवा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एल.पी.ची बारीक सुई लावू नका; तिची रुंद सुई वेगळी मिळते. एकदा वाजवून ध्वनिमुद्रण करून घ्या, आणि गायकाचे नाव व तबकडीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती ऐकवा. गाणे कोणाचे आणि कोणत्या सालचे, हे तेच सांगू शकतील.