उलटं कोरायचं, सुलट वाचायचं

साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा रिकामा खोका आणि तासगावच्या द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी. शाळेत ठसेकाम शिकवायला एवढं भांडवल पुरतं. खोक्याचा सपाट तुकडा खाली घ्यायचा. पेटीच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या पन्हळी उघड्या पडतात. त्या चिकटवल्या की नांगरलेलं शेत तयार. सांगलीत हळदीच्या पोत्याचं गोणपाट सहज मिळतं. त्याची वीण तर फारच देखणी उमटते.

सहावी-सातवीच्या मुलांच्या हाती मात्र टेट्रापॅक द्यावा. उभा कापून, धुऊन, पुसून घेतला की आतली चंदेरी बाजू म्हणजे आयता पत्रा. कर्कटकाच्या टोकाने त्यावर रेघ ओढायची, चंदेरी थर फाटेल इतपत. आरपार जाऊ द्यायची नाही. जिथे गडद काळं हवं, तिथला थर सोलायचा, खालचा कागद शाई पितो. जाड शाई फडक्याने रेघांत भरायची, वरची वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसून काढायची. छपाईचा कागद भिजवून टिपून घ्यायचा. तो ओलसर हवा, पाण्याने चकाकता नको. यंत्र नसलं तर स्टीलच्या चमच्याची पाठ गोल गोल घासायची.

घाई इथेच नडते. मूल दोनदा घासून कागद उचलतं आणि ठसा फिका येतो. शिक्षकांनी अशा वेळी चमचा आपल्या हातात घेऊ नये. फिका ठसा पाहिलेलं मूल पुढचा ठसा जीव लावून घासतं.

हाताला लागलेली शाई गोडेतेलाने निघते. रॉकेल वर्गात आणूच नये.

खरी गंमत नावाची. मूल हौसेने कोपऱ्यात ‘राजा’ कोरतं आणि कागदावर ‘जा’ आधी येतो, ‘रा’ नंतर, काने अक्षरांच्या डावीकडे. वर्गात हशा पिकतो. मिरजेची गोष्ट सांगायची ती याच वेळी. नाना फडणवीसांनी गीता छापायचं मनावर घेतलं होतं आणि एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून घ्यायला सुरुवात केली होती. १८०० मध्ये नाना गेले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये मिरजेत ती गीता छापून झाली. श्लोक सातशे. कोरीव पत्र्यावरून छापायचं तर एकेक काना, एकेक मात्रा उलटी कोरावी लागते. हे ऐकून मुलं आपल्या दोन अक्षरांकडे पुन्हा पाहू लागतात. मग नाव पातळ कागदावर लिहून, तो पालथा करून खिडकीच्या काचेवर धरायची युक्ती दाखवावी, त्याआधी नाही.

एका पत्र्याचे पाच ठसे निघाले, तर पेन्सिलीने खाली १/५, २/५ असे आकडे घालून मुलांना सही करू द्यावी. एक घरी, एक वर्गाच्या भिंतीवर, उरलेले मित्रांशी अदलाबदलीला.

पुढच्या वेळी टेट्रापॅक रिकामा झाला की चुरगाळू नका. उभा कापा, धुवा, वाळवा आणि जवळच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांकडे पोचवा.