घार, गाईड आणि गोठा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं मिरवणारी मी. बीएस्सी ॲग्री झालं, पुण्यात नोकरीही लागली. पण डोक्यात एकच! गावाकडच्या ज्वारीवर, हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी घार. ‘शिकारी पक्ष्यांवर पुढे शिकायचंय,’ म्हटल्यावर आई म्हणाली, ‘अगं माय, घारी मोजून पोट भरतंय का?’

आधी ‘शिकारी पक्षी’ नावाची डिग्रीच शोधत बसले. सापडली नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरचं एनसीबीएस, दोन्हीकडे एमएस्सी आहे ती एकूण वन्यजीवांची. पक्षी कुठला, ते गाईडशी बोलून ठरतं. मग काय, धडाधड मेल टाकले, ‘सर, मला गरुड आवडतात.’ एकाचंही उत्तर नाही!

डोळे उघडले ते गिधाडांमुळे. ती का मरतायत, हे २००४ मध्ये कळलं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होतं. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. म्हणजे प्रश्न आकाशातला, उत्तर गोठ्यातलं. आणि गोठा तर आमच्या घरचाच!

मीही घरच्या रानातलाच प्रश्न घेतला. एका सरांचे दोन पेपर नीट वाचले आणि लिहिलं, ‘ज्वारी जाऊन सोयाबीन आलं, तर कापशीला उंदीर कमी मिळतात का?’ तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘प्रश्न चांगला आहे. पण उंदीर मोजणार कसे?’

आईला फोन लावला. म्हणाली, ‘उंदरं व्हय? ये की, आपल्याच रानात मोज.’