गावच्या पाण्याने घेतलेली परीक्षा

स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि प्रथम आठवला तो तोंडावर धरलेला हात. पाचवीत या वसतिगृहात दाखल झालो, तेव्हा हसताना आम्ही तोंड झाकीत असू. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी बहुतेकांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग होते. ते अस्वच्छतेचे लक्षण समजून सोबती चिडवीत. एके दिवशी विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितले, की हा दोष दात घासण्याचा नसून पाण्यातील फ्लोराइडचा आहे. आमची लाज गेली. तिच्या जागी प्रश्न आला, मग ते पाण्यातून काढायचे कसे?

तोच प्रश्न घेऊन आम्ही एम.एस्सी. झालो, नेट उत्तीर्ण केली आणि पदार्थ-रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवले. विषय मिळाला हायड्रॉक्सीॲपेटाइट. आपले दात आणि हाडे मुख्यतः याच जातीच्या खनिजाची असतात. त्यातील हायड्रॉक्सिलची जागा फ्लोराइड घेते. दातांत घडणारी ही अदलाबदल गाळणीत घडवून आणली, तर पाणी शुद्ध होईल, हा त्यामागील विचार. हाडांचा कोळसा याच कामी पूर्वीपासून वापरला जातो. आम्हाला अधिक बारीक, अधिक सच्छिद्र कण घडवायचे होते.

ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून केलेले प्रयोग उत्तम उतरले. शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला. तेव्हा मार्गदर्शक एवढेच म्हणाले, "आता गावचे पाणी आणा."

दिवाळीच्या सुटीत आम्ही विहिरीचे पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून आणले. त्या पाण्यात आमचा पदार्थ निम्म्यानेही चालला नाही. विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर होते. ते पाण्याचा सामू वाढवून फ्लोराइडच्या वाटेत उभे राहत होते. तो तक्ता निबंधातून गाळला असता, तर कोणी विचारले नसते. मोह झाला, हे कबूल करतो. परंतु ते पाणी आमची आई रोज पिते. आम्ही तक्ता ठेवला, निबंध मागे घेतला आणि पुन्हा आरंभ केला.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, अन्य स्रोतच नसेल तर १.५, असे भारतीय मानक सांगते. आम्ही अजून तेथवर पोहोचलेलो नाही. मात्र नवा नमुना तयार झाला, की ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीआधी आम्ही गावचा कॅन उघडतो.