काटा हलेना!

खंबाटकी घाटात बॉनेट उघडून, हातात पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले गाडीवाले आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण 'इंजिन फार गार पडतंय हो' म्हणून रस्त्याकडेला थांबलेला माणूस कुणी पाहिलाय का? नाही ना! मित्रांनो, तिथेच तर गोम आहे. गाडी तापली की सगळे धावतात. गार राहिली की मिस्त्रीचे आभार मानतात.

आमच्या पप्पांनीही मानले होते. आमचं घर फलटणला. पप्पा शिक्षक, रोज २२ किलोमीटरवरच्या शाळेत आमच्या जुन्या पेट्रोल गाडीने जातात. मे महिन्यात आदर्कीच्या घाटात गाडी तापली, मिस्त्रींनी काहीतरी केलं आणि त्यानंतर ती कधी तापलीच नाही. पण डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी गेले, तर घरात वेगळंच टेन्शन. ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलेलं, सकाळी गाडी झटके खात निघायची, आणि मिस्त्री म्हणत होते, "सर, इंजिनाचं काम काढावं लागंल." खर्च ३० हजार! माझी हॉस्टेलची फी आणि मेसचं बिल याच आकड्याच्या आसपास जात असल्यामुळे माझा या प्रकरणातला इंटरेस्ट एकदम वाढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पांच्या शेजारी जाऊन बसले. फलटण म्हणजे काही मनाली नव्हे, पण कॅनॉलकडेच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना स्वेटर लागतोच. शाळा आली तरी टेंपरेचरचा काटा 'सी'च्या वर काही सरकेना. काटाच बिघडला असेल, असं कुणालाही वाटेल. म्हणून उतरल्या उतरल्या रेडिएटरचा वरचा होज हाताने चाचपला. नुसता कोमट! म्हणजे काटा खरं बोलत होता.

आता थोडी थिअरी. (व्हायव्हाला उपयोगी पडेल, वाचून घ्या!) इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये थर्मोस्टॅट असतो. गॅरेजमध्ये त्याला 'वॉल' म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मला त्यावरून भिंतच आठवते. त्यात मेण भरलेली छोटीशी धातूची डबी असते. इंजिन गार असताना झडप बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. वायर नाही, करंट नाही! ही युक्ती अमेरिकेतल्या सर्जियस व्हर्नेट यांची, १९३० च्या दशकातली.

झडप कायम उघडी असेल तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून गार होऊन येत राहतं. सेन्सरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. सगळं पेट्रोल जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. जळताना तयार झालेलं पाणीही गार इंजिनात वाफ होऊन निघून जात नाही. आमच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरली होती, ती याचीच. असंच वर्षभर चाललं असतं, तर ३० हजारांचं काम खरोखरच निघालं असतं.

मिस्त्रींना विचारलं, तर ते हसले. "ताई, वॉल तर मीच काढून टाकलाय. फॅन पण डायरेक्ट केलाय. आपल्याकडं कशाला लागतोय? गाडी गार राहती म्हंजे इंजिन सेफ." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माणूस वाईट नाही, आणि मे महिन्यात गाडी चालू करून द्यायला गिऱ्हाईक दारात उभं असतं. पण मुळात गाडी तापत का होती, हे कुणी बघितलंच नाही! वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतून रेडिएटरमध्ये क्षार धरले होते.

नवा वॉल चारशे रुपयांच्या आत मिळाला. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला. आजी डोकावून म्हणाली, "काय शिजतंय गं?" पाणी उकळायच्या आधीच झडप हळूच उघडली, गॅस बंद केल्यावर मिटली. आजीने तो खेळ दोनदा करायला लावला. मग रेडिएटर साफ करून घेतला, बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरला, ऑइल बदललं आणि फॅन परत स्विचवर आणला. आता होज आधी गार राहतो आणि एकदम चटका देतो, तसाच तो हवा. काटा सात-आठ मिनिटांत मध्यावर येऊन थांबतो. ॲव्हरेज १६ वर आलंय. उरलेल्या एका किलोमीटरसाठी पप्पा टायरमधल्या हवेला दोष देतात.

गॅरेजमधून निघताना खिळ्याला तारेत ओवलेली दहा-बारा वॉलची माळ दिसली. हे कुणाचे म्हणून विचारलं, तर मिस्त्री म्हणाले, "गिऱ्हाइकांचे. कुणी परत मागायलाच येत नाही."